गेम, बँक, शिकवणी: सगळ्या ॲपची चाल एकच का, आणि केळीच्या ॲपने त्यातलं काय घ्यावं?

प्रश्न असा आला आहे: “यावल तालुक्यातल्या आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीसाठी ॲप बनवायचं आहे. सभासद मुख्यतः केळीवाले. डेव्हलपरने चार गोष्टी सुचवल्या आहेत: रोज ॲप उघडलं की पॉइंट्स, सलग दिवसांची स्ट्रीक, खत-औषधांवर सवलतीचं स्पिन व्हील आणि गावनिहाय लीडरबोर्ड, म्हणजे कोण पुढे कोण मागे याची यादी. तो म्हणतो, बँका, जेवणाची ॲप, शिकवणीची ॲप, गेम, सगळे हेच करतात. हे खरं आहे का? आणि आम्ही करावं का?”

भाऊ, तुमचा डेव्हलपर खोटं बोलत नाही. वेगवेगळ्या धंद्यांतली ॲप खरोखरच एकमेकांसारखी वागतात. पण सगळे करतात म्हणून ते केळीलाही लागू पडतं, असं नाही. या चारपैकी पहिल्या तीन गोष्टी मी घेणार नाही आणि चौथी बरीच बदलून घेईन. कारणं सविस्तर सांगतो, कारण यात सभासदांचे पैसे जाणार आहेत. मी जळगावात राहून ॲपची रचना करण्याचंच काम करतो. पतसंस्था, शिकवणी, दवाखाने, बियाणं अशा निरनिराळ्या क्षेत्रांत काम झालं, आणि पहिल्या बैठकीत तुमच्यासारखीच यादी जवळपास प्रत्येक वेळी समोर आली.

ही यादी सगळीकडे सारखी का असते? एक कारण अगदी व्यवहारी आहे. निरोप पाठवणं, कोण आलं कोण गेलं ते मोजणं, ही कामं बहुतेक ॲप स्वतः करत नाहीत. त्यासाठी तयार यंत्रणा विकत मिळतात. गूगलचं फायरबेस आहे, आणि आपल्याच देशात सुरू झालेल्या क्लेव्हरटॅप, मोएंगेज, वेबएंगेज आहेत. बँकेला, कपड्यांच्या दुकानाला आणि शिकवणीला त्या एकच यंत्रणा देतात. यंत्रणेत वापरणाऱ्यांचे कप्पे आधीच पाडलेले असतात: नुकताच आलेला, आठवडाभर न फिरकलेला, काम अर्ध्यावर सोडून गेलेला. प्रत्येक कप्प्याला कुठला निरोप कधी जावा याचे नमुनेही तयार असतात. म्हणून ‘तुमच्या कार्टमधली साडी वाट पाहतेय’ आणि ‘तुमचा कर्जाचा अर्ज अर्धा राहिलाय’ हे दोन निरोप सख्खे भाऊ वाटतात. ते निघालेलेच एका घरातून असतात.

दुसरं कारण मोजमापाचं. आज किती जणांनी ॲप उघडलं, महिन्याभरात किती जणांनी उघडलं, या दोहोंचं प्रमाण काय, नवा माणूस पहिल्या, सातव्या आणि तिसाव्या दिवशी परत आला का, हे आकडे गेमवाल्यालाही विचारले जातात आणि विमेवाल्यालाही. विम्याचं ॲप खरं तर माणसाला वर्षातून एकदा नूतनीकरणाला लागतं, नाहीतर दवाखान्यात भरती झाल्यावर. पण रोजचा आकडा दाखवायचा म्हटल्यावर त्यातही पावलं मोजणं येतं, प्रश्नमंजूषा येते, नाणी येतात. धंद्याला गरज नसते, ती त्या आकड्याची गरज असते. तुमच्या डेव्हलपरच्या यादीचं मूळ मला इथेच दिसतं.

आणि तिसरं कारण आपलं मन. ते धंद्यागणिक बदलत नाही.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी गेल्या शतकाच्या मध्यात कबुतरांवर प्रयोग केले. कळ टोचली की दाणा मिळायचा. दाणा किती टोचांनंतर मिळेल हे ठरलेलं नसलं की कबूतर सर्वात जास्त वेळ, सर्वात चिकाटीने टोचत राहायचं. बक्षीस मिळेल की नाही हे माहीत नसणं हेच ओढीचं कारण ठरतं. आता २०१७ चा सप्टेंबर आठवा. गूगलने ‘तेज’ नावाने पैसे पाठवायचं ॲप आणलं, तेच पुढच्या वर्षी गूगल पे झालं. पैसे पाठवले की स्क्रॅच कार्ड मिळायचं, रविवारच्या सोडतीत एक लाखाचं बक्षीस असायचं. २०१९ च्या दिवाळीत त्यांनी पाच स्टॅम्प गोळा करायला लावले, पाचही जमले की २५१ रुपये. चार जमत, पण रांगोळीचा स्टॅम्प काही केल्या मिळेना. लोक व्हॉट्सॲप गटांवर ओळख नसलेल्यांकडेही रांगोळी मागत फिरत होते. जळगावच्या चहाच्या टपऱ्यांवर, बस स्टँडवर, कॉलेजात त्या आठवड्यात तोच विषय होता. व्हिडिओच्या ॲपवर बोटाने वर ढकलत राहणं, पुढचा व्हिडिओ चांगला निघेल या आशेवर, ही त्याच नियमाची दुसरी जागा. पैसे लावून खेळायच्या पत्त्यांच्या ॲपमध्येही हेच होतं, फक्त तिथे घरातली रक्कम जात होती. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा करून पैशांचे खेळ बंद केले, ते खान्देशातल्या कितीतरी घरांच्या दृष्टीने फार गरजेचं होतं असं माझं ठाम मत आहे.

स्ट्रीकचं बळ वेगळ्या ठिकाणाहून येतं. डॅनियल काहनेमान आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये मांडलं की शंभर रुपये मिळाल्याचा आनंद आणि शंभर रुपये गेल्याचं दुःख यांचं वजन सारखं नसतं, दुःख जड पडतं. ड्युओलिंगो या भाषा शिकवणाऱ्या ॲपवर तीन महिने रोज इंग्रजीचा धडा केलेल्या मुलीला आज नवं काही शिकायचंच असतं असं नाही. तिला ते नव्वद दिवस घालवायचे नसतात. स्नॅपचॅटवर दोन मैत्रिणी रोज एकमेकींना फोटो पाठवतात तेही त्यासाठीच. व्यायामाचं ॲप, ध्यानाचं ॲप, बचतीचं ॲप, सगळ्यांनी ही गोष्ट उचलली.

प्रगतीच्या पट्टीचाही एक छान पुरावा आहे. २००६ मध्ये जोसेफ न्यून्स आणि झेव्हिए द्रेझ या दोन संशोधकांनी गाड्या धुणाऱ्या ठिकाणी ग्राहकांना कार्डं वाटली. अर्ध्यांच्या कार्डावर आठ चौकोन, आठ वेळा धुतली की एकदा फुकट. उरलेल्यांच्या कार्डावर दहा चौकोन, पण त्यातले दोन आधीच भरलेले. दोन्हींत गाडी आठ वेळाच धुवायची होती. पहिल्या गटातल्या १९ टक्के लोकांनी कार्ड पूर्ण केलं, दुसऱ्या गटातल्या ३४ टक्के. सुरुवात झाली आहे असं वाटलं की माणूस शेवटाकडे जातो. लिंक्डइनवर ‘तुमची माहिती एवढी पूर्ण’ हे दिसतं, बँकेच्या केवायसीत ‘तीनपैकी दोन पायऱ्या झाल्या’ दिसतं, ते याचमुळे. आणि यासाठी मोबाइल यायची गरज नव्हती. आपल्याकडच्या सराफांची मासिक योजना पाहा. अकरा हप्ते ग्राहकाने भरायचे, बाराव्याचा लाभ दुकानाकडून. पासबुकात सात शिक्के पडले की आठवा हप्ता चुकवायचा नाही म्हणून बायका घरखर्चातून पैसे बाजूला काढतात. जळगावच्या सराफ बाजाराला ही गोष्ट ॲपवाल्यांच्या कितीतरी आधी कळलेली होती.

आता खरा मुद्दा. या युक्त्या सारख्या असल्या, तरी त्या कुठे टिकतात आणि कुठे उलटतात हे एका गोष्टीवर ठरतं: ॲप ज्या लयीत बोलावतं, ती लय त्या कामाची स्वतःची आहे का?

ड्युओलिंगोची रोजची हाक मला पटते, कारण भाषा रोज थोडी थोडी केल्यानेच येते. शिकणाऱ्याचं भलं आणि कंपनीचा आकडा तिथे एका रेषेत येतात. पैशांच्या ॲपवर स्क्रॅच कार्ड चाललं, कारण माणूस किराणा, पेट्रोल, रिचार्जसाठी दिवसातून चार वेळा पैसे देतोच. बक्षीस आधीच होणाऱ्या कामाला चिकटवलेलं होतं. पतसंस्थेच्या ॲपचं मात्र वेगळं. मी काम केलेल्या एका पतसंस्थेचे सभासद ॲप उघडायचे ते हप्त्याच्या आणि पगाराच्या आसपास. बाकीचे दिवस ते उघडत नव्हते, आणि त्यात काहीच बिघडलेलं नव्हतं. तिथे रोजचे पॉइंट्स लावले असते तर पॉइंट्ससाठी येणारे लोक वाढले असते, ठेवी वाढल्या नसत्या.

केळीची लय काय आहे हे तुम्हाला मी सांगायला नको. टिश्यूचं (प्रयोगशाळेत वाढवलेलं) रोप लावलं की कापणीला अकरा-बारा महिने. मृगबाग जून-जुलैची, कांदेबाग ऑक्टोबर-नोव्हेंबरची. मधले काही दिवस फार महत्त्वाचे असतात: लागवड, ठिबकमधून खताच्या मात्रा, पिलं काढणं, पावसाळ्यात सीएमव्ही हा विषाणूरोग दिसतोय का ते पाहणं, निसवण म्हणजे घड बाहेर पडणं, घडाची निगा, आणि शेवटी कापणी. या दिवसांच्या मध्ये आठवडेच्या आठवडे असे जातात की शेतकऱ्याला तुमच्या ॲपची गरज नसते. अशा माणसाला रोज ‘आज आला नाहीत’ म्हणून टोचत राहिलं तर तो नोटिफिकेशन बंद करेल. अँड्रॉइड १३ पासून तर ती परवानगी आधी मागावीच लागते. एकदा नाही म्हटलेला माणूस सेटिंगमध्ये जाऊन परत चालू करत बसत नाही. मग ज्या दिवशी वादळाचा किंवा भाव कोसळल्याचा निरोप त्याला मिळायलाच हवा, त्या दिवशी तुमच्याकडे वाट उरणार नाही.

स्ट्रीकला माझा विरोध आणखी एका कारणाने आहे. रावेर, मुक्ताईनगर, यावल या पट्ट्यात उन्हाळ्याच्या अखेरीस वादळ येतं आणि कापणीला आलेल्या बागा तासाभरात आडव्या होतात. त्या घरात चार दिवस कुणी मोबाइलवर ॲप उघडणार नाही. पाचव्या दिवशी तुमच्या कंपनीकडून ‘तुमची ६० दिवसांची स्ट्रीक तुटली’ असा निरोप गेला, तर तो सभासद कंपनीला कधी माफ करणार नाही आणि करूही नये. यंत्रणेला वादळ कळत नाही, तिला फक्त चार दिवसांचा खंड दिसतो.

निरोपाची वेळ हीसुद्धा अशीच बाब. तयार यंत्रणेवर बरेचजण सकाळी सात-आठची वेळ लावतात, कारण शहरातला माणूस तेव्हा मोबाइल हातात घेतो. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी शेतीची थ्री-फेज लाईट एका आठवड्यात दिवसा, दुसऱ्या आठवड्यात रात्री. रात्रभर मोटर चालू-बंद करून पहाटे झोपलेल्या माणसाचा मोबाइल सात वाजता वाजवायचा नाही. सभासदाला स्वतःच वेळ निवडू द्या, त्याला दोन मिनिटं लागतात.

स्पिन व्हीलबद्दल थोडक्यात. खत-औषध हे गरजेपुरतं आणि मात्रेत घ्यायचं असतं. चाक फिरवून बुरशीनाशकावर वीस टक्के सवलत निघाली म्हणून करपा हा पानांचा रोग नसताना फवारणी झाली, तर खर्चही वाढतो आणि मालावर औषधाचा अंश राहून निर्यातीचा कंटेनरही अडचणीत येतो. कंपनी सभासदांची आहे, तिने सभासदाला नको असलेलं विकू नये. सवलत द्यायची तर ती सरळ दरपत्रकात लिहा.

शिवाय कायद्याचंही पाहायला हवं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला डार्क पॅटर्नविरोधी, म्हणजे ग्राहकाला फसवणाऱ्या ॲप-रचनेविरोधी, मार्गदर्शक तत्त्वं अधिसूचित केली. त्यात तेरा फसवे प्रकार नावानिशी दिले आहेत. खोटी घाई दाखवणं, टोपलीत न विचारता वस्तू टाकणं, नको म्हणणाऱ्याला लाज वाटेल असे शब्द वापरणं, शेवटच्या पायरीवर किंमत वाढवणं, सबस्क्रिप्शन बंद करणं मुद्दाम अवघड ठेवणं, सारखं सारखं टोकत राहणं, हे सगळं त्यात येतं. तुम्ही ॲपवरून निविष्ठा (खतं-औषधं) विकणार असाल तर हे तुम्हालाही लागू आहे. ‘फक्त ३ गोण्या शिल्लक’ असं लिहायचं असेल तर गोदामात खरोखर तीनच असल्या पाहिजेत.

मग इतर धंद्यांकडून काही घ्यायचंच नाही का? घ्यायचं, आणि मी ज्या गोष्टीवर सर्वात जास्त खर्च करायला सांगेन ती जेवण पोहोचवणाऱ्या ॲपकडे आहे. स्विगी-झोमॅटोवर माणूस ऑर्डर दिल्यावर परत परत ॲप उघडतो ते बक्षिसासाठी नाही. जेवण कुठवर आलं ही त्याची घालमेल असते आणि ॲप ती शमवतं. केळीवाल्याची घालमेल याहून कितीतरी मोठी आहे. माल गाडीत गेला, आता काट्यावर वजन किती भरलं, कपात किती धरली, भाव कुठल्या दिवसाचा लावला, चुकारा, म्हणजे मालाचे पैसे, कधी जमा होणार? आज यातल्या प्रत्येक प्रश्नासाठी तो तुमच्या ऑफिसला फोन करतो किंवा मोटारसायकल काढून येतो. गाडी भरली, काटा झाला, पावती तयार, चुकारा बँकेत पाठवला, अशा चार टप्प्यांचा निरोप काटा पावतीच्या फोटोसह त्याच्या मोबाइलवर गेला, तर त्या आठवड्यात तो ॲप दिवसातून दहा वेळा उघडेल. पुढच्या बागेला तुमच्याचकडे माल द्यायचं कारणही त्याला त्यातूनच मिळेल. नोटिफिकेशनची परवानगीही त्याच क्षणी मागा, पहिल्या काटा पावतीच्या वेळी. ॲप उघडल्या उघडल्या मागितलेल्या परवानगीला काही अर्थ नसतो, इथे मात्र तिचा उपयोग माणसाला डोळ्यांसमोर दिसत असतो.

प्रगतीची पट्टीही घ्या, पण पॉइंट्सची नको, बागेच्या वयाची. लागवडीची तारीख एकदा टाकली की ‘तुमची बाग आज १४० दिवसांची’ हे आपोआप दिसावं, आणि त्या वयाला काय करायचं ते खाली दोन ओळींत, शक्य असेल तिथे आवाजात. यावल-रावेरकडे लेवा गणबोली, चोपड्याकडे अहिराणी. घरातल्या आजोबांना वाचून दाखवायला नातू लागू नये. ही पट्टी खरी आहे, ती कुणाला ओढून आणण्यासाठी बनवलेली नाही, म्हणून ती वर्षभर टिकते.

हवामानाचा निरोप फळपीक विम्याशी जोडून द्या. केळीच्या विम्यात थंडी आणि उष्णतेची नुकसानभरपाई ठरते ती महसूल मंडळातल्या हवामान केंद्राच्या नोंदीवर, थंडीत तापमान किती दिवस किती खाली राहिलं आणि उन्हाळ्यात किती दिवस किती वर राहिलं यावरून. तुमच्या मंडळातलं कालचं तापमान किती नोंदलं गेलं आणि निकषाचे सलग किती दिवस झाले, हे मे महिन्यात रोज पाहायला सभासद स्वतःहून येतील. तिथे रोजची मोजणी शोभते, कारण ती मोजणी विम्यानेच मागितलेली आहे.

राहिला लीडरबोर्ड. ड्युओलिंगोच्या लीगमध्ये अनोळखी लोकांशी चढाओढ असते, हरलं तरी कुणी ओळखत नाही. गावात तसं नसतं. कुणाच्या बागेतून किती माल निघाला हे भाऊबंद, सावकार, व्यापारी सगळे वाचणार. अनेकांना ते नको असतं, आणि ज्याचं पीक वाया गेलं त्याचं नाव तळाला दाखवणं क्रूरपणा आहे. त्याऐवजी सभासदाला फक्त त्याचं स्वतःचं दाखवा: त्याच्या मालातला किती टक्के निर्यात दर्जात बसला, गटाची सरासरी किती, आणि त्याचा मागच्या बागेचा आकडा किती. नावं कुणाचीच नकोत. फ्रूट केअर (घडाची निगा) नीट केल्याने काय फरक पडतो हे त्याला स्वतःच्या आकड्यांतून दिसेल.

गरज पक्की असेल तर युक्ती लागतच नाही, याचं उदाहरण सरकारी ॲपमध्ये आहे. ई-पीक पाहणीचं ॲप महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२१ पासून आलं. त्यात ना नाणी, ना स्ट्रीक. तरी हंगामात शेतकरी बांधावर उभं राहून फोटो काढतो, कारण सातबाऱ्यावरची पिकाची नोंद त्यावर अवलंबून आहे.

आणखी एक गोष्ट डेव्हलपरला कदाचित आवडणार नाही. पहिल्या वर्षी तुम्हाला वेगळं ॲप लागेलच असं नाही. भाव तर तुमचे सभासद आजही व्हॉट्सॲपवर वाचतात, नवती, पिलबाग, वापसी अशा केळीच्या सगळ्या वर्गांचे. काट्याचा आणि चुकाऱ्याचा निरोप व्हॉट्सॲपच्या व्यावसायिक खात्यावरून देता येतो. तेवढ्यावर एका गावाची एक कापणी पूर्ण होऊ द्या. त्यात कुठले प्रश्न व्हॉट्सॲपवर सुटत नाहीत ते लिहून काढा, आणि ॲप फक्त त्यांच्यासाठी बनवा.

करार करताना मोजमापाचं कलम बदलून घ्या, हे सर्वात आधी. रोज किती जणांनी उघडलं हा आकडा करारातून काढून टाका. त्याऐवजी दोन आकडे मागा. ज्यांनी या बागेचा माल कंपनीला दिला त्यांतल्या किती जणांनी पुढच्या बागेची कापणी ॲपवरून नोंदवली, आणि चुकारा विचारायला ऑफिसला येणारे फोन किती कमी झाले. डेव्हलपर म्हणेल, पहिला आकडा कळायला वर्ष लागेल. लागू द्या, केळीलाही तेवढंच लागतं. फोनचा आकडा मात्र पहिल्या कापणीच्या आठवड्यातच कळेल. त्यासाठी आजपासून ऑफिसातल्या मुलाला एक वही द्या आणि कोणता फोन कशासाठी आला ते लिहून ठेवायला सांगा. ती वही डेव्हलपरच्या पुढच्या बैठकीत टेबलावर ठेवा आणि यादी तिथूनच पुन्हा सुरू करा.